एकशे अठ्ठावीस फोटो

माझ्या नवऱ्याचं कागदोपत्री नाव काहीही असो, घरात ते जपूनराव. हे नाव नणंदेने ठेवलं, कारण तिच्या भावाच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा तोच एक शब्द. कप उचलला, जपून. दार लोटलं, जपून. लग्न ठरल्यावर फिरायला गेलो असताना मी पहिल्यांदा त्यांचा हात धरला, तेव्हासुद्धा म्हणाले, "जपून, घड्याळ आहे." तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. आता आठवलं की स्वतःचीच कीव येते.

काम त्यांचं हॉस्पिटलांत रक्त तपासायची यंत्रं बसवण्याचं. काचेच्या नळ्या, केसाएवढ्या सुया, जरा धक्का लागला की सगळं परत पहिल्यापासून. त्या कामाला हा स्वभाव म्हणजे दुधात साखर, आणि हॉस्पिटलातले लोक त्यांचं नाव आदराने घेतात. पण घर म्हणजे यंत्र नव्हे, हे त्यांना कधी कळलं नाही. मी सांगायचे, पण ते पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या वर्षी कंपनीने त्यांना परदेशात पाठवलं. नवीन हॉस्पिटल होतं, एका वर्षाचं काम होतं, कुटुंबाला न्यायची मुभा होती. मी शाळेच्या कचेरीत नोकरी करते, तिथून बिनपगारी रजा काढली, नऊ वर्षांच्या लेकीचं नाव शाळेतून काढलं आणि आम्ही तिघं निघालो. मी फार खुशीत होते. आपण निराळ्या गावात राहणार, निराळी माणसं भेटणार, असं काहीबाही मनात होतं.

तिकडे घर मिळालं तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, पांढऱ्या भिंती, खाली करड्या रंगाचा गालिचा. करारात एक ओळ होती: घर जसं मिळालं तसं परत द्यायचं. कोणीही शहाणा माणूस अशी ओळ वाचतो, सही करतो आणि विसरतो. आमच्या यांनी सामान दारातच ठेवायला लावलं आणि रिकाम्या घराचे फोटो काढायला घेतले. भिंतींचे, कोपऱ्यांचे, कड्याकोयंड्यांचे, ओट्याखालच्या नळाचे तीन बाजूंनी. पोरीला तहान लागली होती. तिला म्हणाले, "थांब, सिंकचा फोटो कोरडा हवा." एकूण चौसष्ट फोटो झाले, तेव्हा कुठे तिला पाणी मिळालं.

मग सुरू झालं आमचं परदेशातलं वर्ष. गालिच्यावर चादरी अंथरल्या, आणि चादरी मळू नयेत म्हणून त्यांवर वर्तमानपत्रं. कोचावरचं प्लॅस्टिक काढलं नाही. जी जी वस्तू आणली तिचं खोकं जपून ठेवलं, त्यामुळे एक खोली नुसत्या रिकाम्या खोक्यांची झाली. तळण बंद, छताला धूर लागतो. खिळा बंद, हे तर सांगायलाच नको. कॅलेंडर वर्षभर खुर्चीला टेकून उभं होतं. खिडकीची कडी जरा सैल होती, ती आपल्या हातात येऊ नये म्हणून खिडकी बंद ती बंदच. आणि मी काही बोलले की उत्तर ठरलेलं, "अगं, वर्षभराचाच तर प्रश्न आहे."

खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहायच्या. त्यांनी आम्हाला दोनदा चहाला बोलावलं. गेलो तर त्यांनाही आपल्याकडे बोलवावं लागणार, आणि त्या गालिच्यावर चहा सांडणार. आम्ही गेलो नाही. जिन्यात भेटल्या की मी खाली मान घालून सटकायचे. माझ्या आयुष्यात मी कोणाला अशी टाळलेली नाही, आणि टाळायला त्या बाईंनी केलं काय होतं? चहाला बोलावलं होतं!

सहाव्या महिन्यात मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. म्हटलं, आपण इथे राहायला आलोय की पहारा द्यायला? हे शांतपणे म्हणाले, "जपून बोल, भिंती पातळ आहेत."

लेक मात्र तक्रार करत नव्हती, आणि मी मूर्ख, त्यालाच समजूतदारपणा समजत होते. शाळेतून आली की सूटकेस खिडकीशी ओढायची आणि तिच्यावर बसून बाहेर बघत राहायची. मला वाटायचं, रस्ता बघते.

शेवटच्या दिवशी यांनी परत चौसष्ट फोटो काढले, त्याच जागांचे, त्याच क्रमाने. मग घर ताब्यात घ्यायला एक बाई यादी घेऊन आल्या. भिंती बघितल्या, ओटा बघितला, गालिच्यावर वाकून हात फिरवला. शेवटी यादी मिटून त्यांनी विचारलं, "इथे कोणी राहत होतं ना?"

यांना तो केवढा मोठा मान वाटला! परत आल्यावर जो भेटेल त्याला ही गोष्ट. वाण्याला सांगितली, दातांच्या डॉक्टरला तोंड उघडं असताना सांगितली. ऐकणारे वाहवा करायचे आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. त्या बाईंनी माझ्या आयुष्यातलं एक वर्ष शून्य म्हणून लिहून नेलं होतं, आणि हा माणूस ते बक्षीस म्हणून मिरवत होता.

तरी मी गप्प बसले असते. वर्ष गेलं ते गेलं. पण परत येऊन तीन आठवडे झाले तरी लेकीची बॅग भरलेलीच. रोज सकाळी त्यातून कपडे काढायची, धुतलेले परत त्यातच घड्या करून ठेवायची. कपाट मोकळं पडलेलं. मी रागावले तर म्हणाली, "राहू दे ना आई, कशाला?" शाळेतल्या जुन्या मैत्रिणी खाली खेळायला बोलवायच्या, तर हिचं तेच, "कशाला?" दहाव्या वर्षी पोरीने असं बोलावं?

आणि अशातच कंपनीचं पत्र आलं. त्याच गावात दुसरं हॉस्पिटल, आणखी दोन वर्षं, होकार-नकार सोमवारपर्यंत कळवा. सोबत आणखी एक मागणी: कंपनीच्या मासिकासाठी 'आमच्या कुटुंबाचं परदेशातलं वर्ष' यावर पानभर मजकूर आणि तिकडच्या घरातला एक फोटो. यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे."

मी ओट्याशी उभी होते. हातातलं पातेलं मी इतक्या जोराने आपटलं की त्यांना जपून म्हणायचंही सुचलं नाही. मी सांगितलं, "तुम्हाला जायचं तर जा. माझ्या पोरीला त्या प्लॅस्टिकवर मी आणखी दोन वर्षं बसवणार नाही."

"पोरीला काय झालंय? ती कधी काही बोलली?"

"तेच तर झालंय!"

हा रविवार सकाळचा प्रसंग. ते मासिकासाठी फोटो शोधायला बसले. तिघांचा एकत्र असा फोटो एकही निघाला नाही. निघाली ती रिकाम्या घराच्या छापून घेतलेल्या फोटोंची दोन पाकिटं, 'प्रवेश' आणि 'निर्गमन'. पण मागच्या रविवारी नणंदेच्या यजमानांनी ते फोटो बघायला घेतले होते आणि बोलता बोलता सगळे पत्त्यांसारखे पिसून ठेवले होते. मूळ फोटो कंपनीच्या फोनमध्ये होते, आणि तो फोन यांनी, अर्थातच ओरखडाही न पाडता, परत केला होता.

ते परत दोन पाकिटांत लावायला जपूनरावांनी टेबलावर एकशे अठ्ठावीस फोटो मांडले. प्रत्येक फोटो कडेने धरायचा, चकचकीत बाजूला बोट लावायचं नाही. ओट्याचे दोन शेजारी ठेवले. पुढचा कुठला, मागचा कुठला? दिव्याखाली धरले, भिंग आणलं. नळाचे सहा फोटो, सहाही सारखे. अर्धा तास हा उद्योग चालला. त्यांच्या कपाळावर घाम आला. मी मुद्दाम विचारलं, "सापडलं का आपलं वर्ष?" त्यांनी भिंग पुसलं.

लेक तेवढ्यात येऊन खुर्चीमागे उभी राहिली. तिने फोटोंवरून नजर फिरवली आणि खिडकीच्या एका फोटोवर बोट ठेवलं.

"हा शेवटच्या दिवशीचा."

"कशावरून?"

"ती आहे ना त्यात."

काचेला ओरखडा नाही हे दाखवायला काढलेला फोटो. पण काचेपलीकडे, समोरच्या इमारतीच्या खिडकीत, नखाएवढी एक मुलगी दिसत होती. चष्मा लावलेली, दोन्ही हात वर केलेली. दुसऱ्या फोटोत त्या खिडकीला पडदा होता.

"कोण ही?" यांनी विचारलं.

"माझी मैत्रीण. रोज चारला यायची. आम्ही चित्रं काढून दाखवायचो एकमेकींना. तिच्याकडे कासव आहे."

वर्षभर मी त्याच घरात होते. मलाही हे माहीत नव्हतं. सूटकेसवर बसून काय बघतेस गं, एवढं मीसुद्धा एकदा विचारलं नव्हतं.

"नाव काय तिचं?"

"माहीत नाही. खिडकी उघडायची नव्हती ना."

मग हे घसा खाकरून, जरा मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, आपण परत गेलो ना, तर मी स्वतः तुला त्यांच्या घरी नेईन. आधी नाव विचारू. चालेल?"

लेकीने बाबांकडे बघितलं. रागाने नाही, रुसून नाही. यंत्र बसवून झाल्यावर हे नर्सला समजावतात ना, तशी शांतपणे म्हणाली, "कशाला बाबा? दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे."

आणि ती कपडे बदलायला तिच्या बॅगेकडे गेली. आतल्या खोलीतून चेन उघडल्याचा आवाज आला. हे तो फोटो हातात धरून बसून राहिले. अंगठा थेट त्या खिडकीवर दाबलेला होता.