नखाची रेघ

लग्न होऊन दिपाली बेसाला सासरी आली, त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या अंगावर वळ उठायला लागले. जरा खाजवलं की त्या जागी लाल, फुगीर रेघ. पर्सचा पट्टा, परकराची नाडी, ब्लाउजची शिवण, जिथे घासेल तिथे तेच. थोड्या वेळाने जिरून जायचं, पण तोवर जीव नकोसा व्हायचा. पित्त समजून तिने गेरू लावून पाहिला. फरक पडला नाही.

भावाच्या मुलीच्या बारशाला ती शहरातच नंदनवनला माहेरी गेली. तिची आई जिजाबाई तिच्या केसांना तेल लावत होती. मानेखाली तिला वळ दिसले, ओळीने, बोटं उमटल्यासारखे.

"जवाई मारते का वं तुले?"

"नाही आई. मीच खाजवलं."

"खाजवून असं कोणाले उठते?"

दिपाली जितकं समजावत होती, तितकी ती लपवते आहे असं आईला वाटत गेलं. भाऊ भूपेश सगळं ऐकत होता. तो गाडी काढून थेट बेसाला निघाला. दिपाली ऑटो करून मागोमाग गेली. ती पोचली तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये भूपेशने तिच्या नवऱ्याची, सुशीलची, कॉलर धरली होती.

"आमाले तं कधीचाच डाउट होता," शेजारच्या कामिनीताई म्हणाल्या.

दिपालीने हात पुढे केला आणि सगळ्यांदेखत नखाने त्यावर रेघ ओढली. हळूहळू ती रेघ फुगून वर आली. भूपेशने कॉलर सोडली. सुशील कोणाकडेही न बघता वर घरी गेला.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला धोका नाही, पण हे कधी जाईल ते सांगता येत नाही. रोज गोळी, सैल सुती कपडे, अंघोळीला गरम पाणी नाही, आणि खाजवायचं नाही. खाज सुटली की दिपाली ओला रुमाल दाबून मूठ आवळून बसते.

गोळीने वळ कमी झाले. सुशील मात्र तिच्या अंगाला हात लावेनासा झाला. सोफ्यावरही टोकाला बसतो.

"काहून दूर बसून राहिले?" तिने एकदा विचारलं.

"उद्या परत उठलं तर? मी कोणाकोणाले सांगत बसू?"



माहेरी जाताना ती आता भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालते. बाह्या दंडाला काचतात आणि आत वळ उठतात. बरं आहे ना, असं आईने विचारलं की ती हो म्हणते.