लोण्यावर पळणारे साडू

चिक्की विकून संसार चालवायचा आणि गिऱ्हाइकाला "हे विष आहे" असं तोंडावर सांगायचं, असा दुकानदार साऱ्या लोणावळ्यात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं शेवटी त्यांना गल्ल्यावरून उठवलं आणि मागच्या खोलीत पॅकिंगला बसवलं. तेव्हापासून धंदा बरा आहे.

पन्नाशीत त्यांना लांब पळण्याचा नाद लागला आणि पुढे त्या नादाला आहाराचा नाद चिकटला. भात, पोळी, साखर, गूळ बंद; तूप, लोणी, खोबरं, अंडी सुरू. "साखर म्हणजे गवताचा जाळ, साडूभाऊ," ते मला सांगत, "चरबी म्हणजे बाभळीचं लाकूड. एकदा शरीर चरबी जाळायला शिकलं की माणूस थांबतच नाही!" आमच्याकडे तळेगावला आले की शर्टाच्या खिशातून लोण्याची डबी काढून चहात गोळा सोडत. एका मे महिन्यात डबी खिशातच पाझरली आणि त्यांच्या छातीवर, नेमकं हृदयाच्या जागी, गायीच्या लोण्याचा वास वर्षभर राहिला. पोह्यांतले पोहे वगळून ते शेंगदाणे आणि खोबरं तेवढं वेचून खात. बायको वैतागून म्हणाली, "दाजी, पुढच्या वेळी नुसती फोडणीच देते." ते गंभीरपणे म्हणाले, "चालेल."

मला ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून मी घड्याळ घेऊन स्कूटरवरून त्यांच्या मागे फिरलो. निष्कर्ष सरळ होता. कामशेत-कान्ह्याच्या सपाटीवर बाकीचे सरबताच्या बाटल्या रिकाम्या करत असताना साडू काही न पिता-खाता, गप्पा मारत पळत राहत. पण चढ आला किंवा वेग वाढवायची वेळ आली की त्यांच्या छातीचा भाता व्हायचा. चरबी जाळायला श्वास जास्त लागतो, असं मी वाचलं होतं. तसं मी त्यांना सांगितलंही.

"शरीर अजून सरावतंय," ते म्हणाले.

"इतकी वर्षं?"

"मग तो चढच चुकीचा आहे."

आमचे सासरे, आबा, वडिवळ्याचे. त्यांचं भाताचं रान, इंद्रायणी तांदळाचं. दरवर्षी नवा तांदूळ निघाला की दोन्ही जावयांना शेजारी शेजारी बसवून ते स्वतः वाढत. साडू वरचं तूप तेवढं चाटत. आबा म्हणत, "जावईबापू, भाताला निसतं ताटात बसवून ठेवलंय व्हय, पावण्यावानी?"

गेल्या हिवाळ्यात आबांचे गुडघे बसले. "औंदाचं भात शेवटचं," ते म्हणाले, "फुडल्या साली रान वाट्यानं देनार." नव्या भाताचं जेवण ठरलं तो रविवार नेमका शर्यतीचा. तिथल्या धरणाला वळसा घालून आबांच्या दारावरून वर चढणारी ती शर्यत. भात खात होते त्या दिवसांतली साडूंची तिथली वेळ त्यांना पुन्हा कधी गाठता आली नव्हती. "आधी भातावरची वेळ मोडतो," त्यांनी जाहीर केलं, "मगच भाताच्या ताटावर बसतो." आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "न्हाई मोडली तर? खात्याल का वो त्ये?" मला खोटं आश्वासन देता येत नाही. शर्यत दारावरून किती वाजता जाईल, तेवढं मी सांगितलं.

सपाटीवर साडूंनी निम्म्या वयाची पोरं मागे टाकली. चढ लागला आणि भाता सुरू झाला. मी मागून स्कूटरवरून घड्याळ बघत होतो. जुनी वेळ हातची जात होती. वळणावर आबा काठी टेकून उभे होते. मुठीत मिठाचा, कोमट भाताचा मुटका.

"जावईबापू, थांबा वाईच."

"आबा, वेळ जाईल!"

"जाऊ द्या की. वेळ तुमच्याकडं लय हाय. माजं भात येवढंच हाय."

साडू थांबले. उभ्या उभ्या मुटका खाल्ला. बोटं चाटली आणि पुन्हा हात पुढे केला. मागे टाकलेली सगळी पोरं पुढे निघून गेली. मग साडू उरलेला चढ धापा न टाकता चढले.

जुनी वेळ अर्थातच मोडली नाही. मी म्हटलं, "खाण्यात गेलेला वेळ वजा करून बघू का?"

"नको," ते म्हणाले, "तो त्यातच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लोण्यावर आले. मात्र त्या शेवटच्या तांदळाचा एक डबा त्यांनी दुकानात, चिक्कीच्या फळीमागे ठेवला आहे. चढावर पळायचं असेल तेव्हा त्यातला मूठभर शिजवतात. तोच तांदूळ बाजारात मिळतो म्हटलं तर म्हणतात, तो हिशेबात धरायचा नाही. आबा आता ओट्यावर बसून दुसऱ्यानं लावलेलं भात बघतात.

हल्ली साडूंचं चढावर जाणं कमी झालंय. मला वाटलं, गुडघा असेल. परवा दुकानात गेलो, तेव्हा त्यांनी डब्याचं झाकण उघडून दाखवलं. बूड दिसत होतं. आणखी किती वेळा पळता येईल, हे त्यांनी मला विचारलं नाही. माझा हिशेब चुकत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.