सबसिडीकाका आणि बॅटरी

"येतेय" हा शब्द सबसिडीकाकांइतक्या श्रद्धेने उच्चारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाहुण्यांबद्दल नव्हे, सरकारी सबसिडीबद्दल. गाझियाबादला वरच्या मजल्यावर काका-काकू राहत आणि खाली आम्ही त्यांचे भाडेकरू.

छतावर सोलर पॅनेल बसवलं, त्याची सबसिडी खात्यात जमा झाली तेव्हा काकांनी गल्लीभर पेढे वाटले. "नातू झाला तेव्हा बत्ताशांवर भागवलं होतं," काकू सांगत.

गंमत अशी, की लाइट गेली की सरकारी लाइनीला जोडलेलं ते पॅनेलही बंद पडे. डोक्यावर रणरणतं ऊन आणि खाली पंखा गप्प. त्यावर उपाय बॅटरीचा, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. "पण बॅटरीवरही सबसिडी येतेय," वर्तमानपत्राने वारा घेत ते म्हणत. "आज घेतली और कल स्कीम आ गई, तर? बिल्कुल मूर्ख ठरू यार."

त्या वर्षी गणपतीत ऐन आरतीला लाइट गेली. मोबाइलमध्ये बघून म्हणणारी पोरं तेवढी म्हणत राहिली, मोठे घाम पुसत बसले. काकूंनी तबक खाली ठेवलं. "अहो, विसर्जन झालं की मी पुण्याला ताईकडे चालले. बॅटरी आली की कळवा."

आणि खरंच गेल्या. "येईल चार दिवसांत," काका म्हणाले. पण काकू येईनात. काका रोज आमच्याकडे जेवायला उतरू लागले, माझ्या बायकोच्या अळणी वरणाचीसुद्धा तारीफ करू लागले. घर त्यांना खायला उठत होतं. एका दुपारी दारात टेम्पो थांबला. बॅटरी, पुऱ्या किमतीत! काकांनी फोटो पाठवला आणि काकू मिळेल त्या गाडीने परतल्या.

पुढच्याच महिन्यात सबसिडी जाहीर झाली, फक्त नव्या खरेदीवर. मी त्यांचा पेपर लपवला. काका हसले. "अरे, सकाळीच वाचलं मोबाइलवर. पण तुझी काकू कुठल्या स्कीममध्ये परत मिळते, सांग!"

आता ते मुलाकडे बंगळूरला असतात. मला त्यांची फार आठवण येते. आम्हीही इथे गाझियाबादलाच घर घेतलंय, छतावर पॅनेल आहे. परवा लाइट गेली तेव्हा बायको म्हणाली, "बॅटरी घेऊ या."

"थांब ना, नवी स्कीम येतेय," मी म्हणालो.

तिने फक्त कपाटावरच्या सुटकेसकडे पाहिलं.