देवजी मार्कर

छप्पन साली मी कसाऱ्याच्या रेल्वे दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू झालो. बायको-मुलं कल्याणला होती. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की खोलीत एकट्याने बसायचं, यार्डातल्या इंजिनांचे आवाज ऐकायचे आणि भात शिजवून झोपायचं. शेजारच्या क्वार्टरमध्ये सबनीस तारबाबू राहत. त्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "असे बसता काय? इन्स्टिट्यूटमध्ये येत जा. टेबल आहे तिथे."

मला वाटलं, जेवायचं टेबल असेल.

इन्स्टिट्यूट म्हणजे रेल्वेच्या नोकरांचा क्लब, यार्डाच्या वरच्या अंगाला असलेला एक लांबट कौलारू हॉल. गोऱ्या ड्रायव्हरांच्या काळात तिथे बिलियर्डचं टेबल आलं. ते लोक निघून गेले, टेबल राहिलं. खाली जाड दगडी पाट्या, वर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, सहा खिशांना विणलेल्या जाळ्या. एवढं वजन हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. पावसाळ्यात घाटातलं धुकं खिडक्यांतून आत येई, बनात ओलसर होई, आणि मग चेंडू चिखलातून चालल्यासारखे चालत.

पहिल्या दिवशी दारातच एका माणसाने मला अडवलं.

"चपला भाईर काढा. नि हात दावा."

मी हात पुढे केले. बोटांवर टिंक्चरचे डाग होते.

"हे बनातीला लागंल. धुऊन या."

हा देवजी आगिवले, हॉलचा मार्कर. झाडलोट करायची, बनात ब्रशाने साफ करायची, खेळ चालू असताना गुण पुकारायचे आणि भिंतीवरच्या फळीवरचे पितळी काटे सरकवायचे, हे त्याचं काम. तिशीचा, काटक, खर्डीकडच्या ठाकूरवाडीतला. खाकी शर्टाची डावी बाही कोपराखाली दुमडून पिनेने लावलेली. त्या बाहीत हात नव्हता.

रोजची माणसं थोडीच होती. फरेरा नावाचे रिटायर झालेले ड्रायव्हर, चेंडू मारून झाला की ते त्याच्याशी बोलत, "जा बाबा, जा, अजून थोडा." तारबाबू सर्वांत वाईट खेळत आणि प्रत्येकाला कसं खेळावं ते सांगत. आणि राघो तारमळे. हा मुरबाडकडचा. घाट चढायला मालगाडीला मागून जी इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणत. राघो बँकरचा ड्रायव्हर. सर्वांत चांगला खेळ त्याचा. क्यूच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, टोकाला खडू लावायचा, वाकायचा, मारायचा, बाजूला व्हायचा. चांगला फटका बसला तरी तोंडावर काही दिसत नसे.

देवजी आणि राघो एकमेकांशी बोलत नाहीत, हे लक्षात यायला मला थोडे दिवस लागले. खडू संपला तर बाकीचे "देवजी, खडू" म्हणत. राघो स्वतः कपाटापर्यंत जाई. परत जाताना वाटेत मी फरेरांना विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

चोपन्न साली देवजी पॉइंट्समन होता. श्रावणातली सकाळ, धुकं असं की उभ्या माणसाला आपले बूट दिसू नयेत. मालगाडीला बँकर जोडायचं काम त्याचं. इंजिन येऊन टेकलं की मधे शिरायचं, आकडा अडकवून आवळायचा, बाहेर यायचं आणि शिट्टी मारायची. शिट्टी झाल्याशिवाय ड्रायव्हरने इंजिन हलवायचं नाही. देवजी आत असतानाच इंजिन सरकलं. फार नाही, वीतभर. तेवढ्याने हात गेला. इंजिनावर राघो होता.

"चौकशी झाली," फरेरा म्हणाले. "राघो म्हणाला, मी शिट्टी ऐकली. देवजी म्हणाला, मी मारलीच नाही. धुक्यात बघणारा कोण? साहेबांनी ठरवलं, पॉइंट्समनने घाई केली असणार. राघोला काही झालं नाही. देवजीला दया म्हणून हा हॉल दिला."

"मग राघो इथे येतो कशाला?"

"जाणार कुठे? कसाऱ्यात संध्याकाळी दुसरं आहे काय?"

एकदा भर दुपारी मी विसरलेली छत्री घ्यायला हॉलवर गेलो. उंबऱ्यात देवजीची बायको जना करटोली निवडत बसली होती. आतून चेंडूंचा आवाज येत होता. डोकावून पाहिलं तर देवजी एकटाच खेळत होता. हात पोचत नाही तिथला चेंडू मारायला एक लांब काठी असते, टोकाला पितळेची फुली लावलेली. तिला रेस्ट म्हणतात. देवजीने ती टेबलावर आडवी ठेवली होती, तिचं मागचं टोक डाव्या हाताच्या थोट्याखाली दाबून धरलं होतं, आणि उजव्या हाताने त्या फुलीवरून क्यू मारत होता.

"रोज चालतंय ह्याचं," जना म्हणाली. "मला सांगतो, बनात झाडायला लई टाइम लागतो गो."

मी ही गोष्ट फरेरांच्या कानावर घातली. त्याच संध्याकाळी त्यांनी देवजीपुढे क्यू धरला.

"मी मार्कर हाय," देवजी म्हणाला.

"मार्करने खेळू नये असं कुठे लिहिलंय? गुण कंपाउंडर पुकारतील. चल."

त्या दिवशी तो हरला. पुढेही बरेच दिवस हरत होता. पण त्याला सवड होती आणि टेबल दिवसभर त्याचंच होतं. त्या बनातीला कुठे किंचित उतार आहे, पावसाळ्यात कुठल्या कडेवरून चेंडू कसा परततो, हे त्याने खेळून खेळून जाणलं. आधी तारबाबू हरले. "त्याची रेस्ट हलत नाही ना, म्हणून," असं ते सर्वांना सांगत फिरले. मग मी. मग एकदा फरेरासुद्धा. राघोबरोबर मात्र तो कधी टेबलाला उभा राहिला नाही. देवजीचा डाव असला की राघो भिंतीकडच्या बाकावर बसे आणि नजर टेबलावरून काढत नसे.

साठ सालच्या हिवाळ्यात इगतपुरीच्या इन्स्टिट्यूटने सामन्याला बोलावलं. दोघांविरुद्ध दोघे, असा खेळ. आमच्याकडून दर वेळी फरेरा आणि राघो जात. पण फरेरांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. लाल चेंडू त्यांना दोन दिसत. सगळे जमलेले असताना ते म्हणाले, "ह्या वेळी राघो आणि देवजी जातील."

देवजी बनातीवरून ब्रश फिरवत होता. त्याने ब्रश खाली ठेवला.

"डायवर," तो म्हणाला. त्याने राघोला हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. "तुमच्या संगती खेळायचं तर एक इचारायचंय. त्या दिशी तुमी शिट्टी आयकली का?"

राघो क्यूला खडू लावत होता. तो लावतच राहिला. तारबाबू काही बोलायला गेले, फरेरांनी त्यांच्या दंडाला धरलं.

"नाही," राघो म्हणाला. "शिट्टी झालीच नव्हती. गाडीला उशीर झालेला, वरून सारखी विचारणा चाललेली. मला वाटलं, झालं असेल तुझं काम. मी ब्रेक सोडला."

"मंग तवा का नाय बोललात?"

"नोकरी गेली असती. घरात मी एकटा कमावणारा."

देवजी त्याच्या अंगावर जाणार असं मला वाटलं. फरेरांनाही वाटलं असावं, कारण ते दोघांच्या मधे येऊन उभे राहिले. पण देवजी जागचा हलला नाही.

"माजा बा वाडीत हाय," तो म्हणाला. "जो येल त्याला सांगतो, पोरानं घाई केली, आपला हात आपणच घालवला. साह्यबांनी तसं ठरवलं म्हनून. मी नाय म्हनलो तर बोलतो, साह्यब खोटा नि तू खरा काय? आता तुमी येऊन सांगा त्याला."

"मी वर लिहून देतो. सगळं खरं लिहितो."

"कागद नको. बाला वाचता येत नाय. तोंडानं सांगा."

राघोने क्यू जागेवर लावला. "रविवारी येतो," म्हणाला.

देवजी माझ्याकडे वळला. "कंपौंडर, तुमीबी चला. डायवर बोललाच नाय असं मागनं कोन म्हनाया नको."

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही खर्डीला उतरलो. पुढे जना, तिच्या मागे देवजी, मग मी आणि शेवटी राघो. भात कापून झालं होतं. खाचरांतल्या सडावरून वाट जात होती. राघोने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ओढा ओलांडताना त्याने मला हळूच विचारलं, "काय करतील हो?" मी म्हटलं, "मला काय माहीत?" खरोखरच मला काही अंदाज नव्हता.

देवजीचा बाप कमळू अंगणात बसून बांबूच्या कामट्या काढत होता. देवजी त्याच्या कानाशी वाकून ओरडला, "बा, हे इंजिनाचे डायवर!"

म्हातारा बहिरा आहे, हे देवजीने आम्हाला सांगितलं नव्हतं. राघो पुढे झाला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी देवजीने शिट्टी मारली नव्हती."

"काय?"

"शिट्टी मारली नव्हती त्याने."

"मोठ्यानं बोल की!"

राघोने आमच्याकडे पाहिलं. मग तो ओरडला, "शिट्टी झाली नव्हती! मी आधीच इंजिन हलवलं! चूक माझी, देवजीची नव्हती!"

खळ्यावर भात वारवणाऱ्या बाया थांबल्या. आसपासच्या झोपड्यांतून माणसं बाहेर आली. "काय झालं? कोन हाय ह्यो?" असं विचारू लागली. राघोला सगळं पुन्हा सांगावं लागलं, तेही तितक्याच मोठ्याने. देवजीची चुलती बारकी कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली.

"आता आलास व्हय?" ती म्हणाली. "पोराचा हात गेला तवा कुठं व्हतास?"

राघोने मान खाली घातली.

कमळूने कोयता बाजूला ठेवला. तो देवजीकडे बघत राहिला.

"मंग मी इतकी वर्सं काय बोलत व्हतो रे?"

"जे आयकलंस ते बोललास," देवजी म्हणाला.

म्हातारा उठला. काठी घेऊन तो भावाच्या, लखमाच्या, घराकडे गेला. तिथून पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारात उभं राहून तो काय सांगत होता ते आम्हाला अंगणातून ऐकू येत होतं. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो. "डायवर आलाय. त्याची चूक व्हती. माज्या पोराची नव्हती." शेवटचं घर होईपर्यंत राघो उन्हात उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही. जनाने मला गुळाचा चहा दिला. राघोला तांब्याभर पाणी दिलं.

परतीच्या गाडीची वाट पाहताना राघो फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मी देवजीला विचारलं, "मग, केलंस माफ?"

त्याला प्रश्न आवडला नाही. "तुमचा हात गेला असता तर तुमी केलं असतं?" तो म्हणाला. मग म्हणाला, "सांगतो म्हनले, सांगितलं. इगतपुरीला जाऊ आता."

इगतपुरीला आम्ही हरलो. फटक्यागणिक रेस्ट घ्यायला तिथल्या एकाने हरकत घेतली. फरेरा त्याच्याशी इतके भांडले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हरकत मागे घेतली गेली. देवजी आणि राघो खेळापुरतंच बोलत होते. "लाल घ्या." "हळू मार." "कडंवरनं येल." पण बोलत होते. शेवटपर्यंत डाव बरोबरीत चालला आणि राघोचा एक सोपा चेंडू खिशाच्या तोंडाशी अडकला. "ऱ्हायला तर ऱ्हायला," देवजी म्हणाला.

त्यानंतर काही महिन्यांनी राघोला ड्रायव्हरच्या जागेवरून उतरवून यार्डात डबे इकडून तिकडे हलवणाऱ्या इंजिनावर शंटर केलं. तेव्हा आम्हाला कळलं की त्याने गुपचूप वर लिहून कळवलं होतं. देवजी त्याच्यावर चिडला.

"मी बोललो व्हतो, कागद नको. तुमच्या घरच्यांनी काय खायचं?"

"शंटरला पगार असतो," राघो म्हणाला. "कमी असतो, पण असतो."

दोन वर्षांनी त्याला बँकर पुन्हा मिळाला. देवजीला हात मिळणार नव्हताच. पॉइंट्समनची चूक नव्हती असं एक पत्र मात्र आलं. ते तारबाबूंनी हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. देवजीने ऐकलं आणि दिवे लावायला गेला. कमळू तोवर वारला होता.

पासष्ट साली माझी बदली झाली, तोवर ते दोघे जवळपास रोज खेळत. मैत्री होती असं मी म्हणणार नाही. राघो देवजीच्या खोलीवर कधी गेला नाही, देवजी राघोच्या क्वार्टरवर कधी गेला नाही. पण मी जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मुरबाडकडे राघोच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो, आणि देवजी-जनाही आले. राघोची बायको गावीच राहत असे; मांडवात तिने जनाला कुंकू लावलं आणि विचारलं, "तुमी कोन गो?"

"आमी कसाऱ्याची," जना म्हणाली. "हे तुमच्या मालकांच्या संगती खेळतात."

"ते देवजी व्हय?" राघोची बायको म्हणाली, आणि तिला हाताला धरून आतल्या बायकांत घेऊन गेली.