बंगल्याच्या जोत्यातली भोकं

सायखेड्याच्या अलीकडे, नदीपासून थोडी वर, आमची शाळा होती. शाळा म्हणजे काय, कुठल्याशा गोऱ्या साहेबानं हवापालटासाठी बांधलेला बंगला. साहेब गेला, मग एका बागायतदारानं तो घेतला, आणि त्याच्या पोरांना शहर गोड लागल्यावर तो आमच्या संस्थेच्या पदरात पडला. नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथे गणिताचा मास्तर म्हणून लागलो. नाशिकहून रोज एसटी, उतरल्यावर अर्धा तास पायपीट. अकरा वर्षं. आता नुसतं आठवलं तरी पोटऱ्या दुखतात.

साहेबाला काही शाळा बांधायची नव्हती, हे खोलीखोलीत कळायचं. त्याच्या दिवाणखान्यात मधोमध प्लायवूड ठोकून एका बाजूला आठवी, दुसऱ्या बाजूला नववी. प्लायवूड डोक्याच्या वर हातभर जाऊन संपायचं आणि छत त्याच्याही वर दोन पुरुष उंच. मी आठवीला त्रिकोण शिकवला की नववीही तोच शिकायची, आणि पलीकडच्या बाईंची कविता माझ्या त्रिकोणात येऊन पडायची. तबेल्यात पाचवी. न्हाणीघरात प्रयोगशाळा, साहेबाच्या टबात आम्ही परीक्षानळ्या विसळायचो. हेडमास्तरांच्या खोलीत भिंतीतली शेकोटी होती, तिच्यात खडूंची खोकी. ओरडून ओरडून माझा घसा बसला तो बसलाच.

वैताग यायचा. पण खरं सांगायचं तर त्या बंगल्यामुळेच आसपासच्या मळ्यांतल्या मुली दहावीपर्यंत पोचत होत्या. शाळा दाराशी होती म्हणून. संस्थेची दुसरी शाळा दोन कोसांवर, मोठ्या गावात, आणि रस्ता सगळा उसातून. तेवढ्या लांब पोरगी धाडतंय कोण! बंगला होता म्हणून दहावी होती, एवढा साधा हिशेब.

बंगल्याचं जोतं कंबरभर उंच, घडीव काळ्या दगडाचं. आत सागवानी फळ्यांची जमीन आणि फळ्यांखाली पोकळी. त्या पोकळीत हवा खेळावी म्हणून जोत्याला चारी बाजूंनी वीत-वीत भोकं ठेवलेली, त्यांवर बिडाच्या जाळ्या. निम्म्या जाळ्या कधीच गायब झालेल्या. हवेसाठी ती ठेवलीत हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त भोकं दिसत होती.

एका पावसाळ्यात त्यातल्या एका भोकातून साप निघाला आणि व्हरांडा ओलांडून थेट आठवीच्या मुलींच्या बाकाखाली. चांगला दीड-दोन हात असेल, माझ्या डोळ्यांना चार हात दिसला. किंकाळ्या, दप्तरं इकडे तिकडे, आणि सगळ्यांत आधी टेबलावर कोण चढलं असेल तर मी. शाळेचा शिपाई आला, काठीनं त्याला अलगद बाहेर सारलं आणि म्हणाला, "सर, धामण हाय. उंदरं खाती बिचारी. काय व्हत नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या रागातच मी पालकांची सभा बोलावली. "पोरींच्या जिवाशी खेळ आहे हा!" म्हणून टेबलावर मूठ आपटली. हेडमास्तर निवृत्तीला आलेले, ते म्हणाले, करा काय करायचं ते. शनिवारी श्रमदान ठरलं. कोणी विटा आणल्या, कोणी सिमेंट, आणि दुपारपर्यंत एकूण एक भोक बुजवून टाकलं. शेवटचं मी स्वतः थापीनं लिंपलं. बायांनी पोहे केले होते. इतकं कौतुक माझं त्या गावात पुन्हा कधी झालं नाही.

त्या दिवशी विटा रचणाऱ्या प्रत्येकाच्या मळ्यात कांद्याची चाळ होती. चाळीला खालून वारा लागला नाही तर कांदा सडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून चाळ जमिनीपासून उचलून बांधतात आणि खालची जागा मोकळी ठेवतात. ही सगळी माणसं शाळेची खालची जागा विटांनी बंद करत होती आणि एकाच्याही मनात आलं नाही. येणार कसं? मास्तर सांगतोय म्हटल्यावर आपली अक्कल बाजूला ठेवायची, ही तिथली रीतच. आणि मास्तर शहरातून येऊन नाकानं कांदे सोलत होता.

दोन पावसाळे गेले. दिवाणखान्यात कुबट वास यायला लागला. मग भिंतींना खालून ओल चढली, मग वाळवी. एके दिवशी नववीतल्या मुलाचा पाय फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. इंजिनिअर आला, त्यानं पहार घालून एक फळी उचलली. खालच्या तुळया बोटानं कुस्करल्या जात होत्या. "वारा कुणी बंद केला?" त्यानं विचारलं. शिपाई माझ्याकडे न बघता म्हणाला, "कांद्याला ठेवतो आपण वारा. पोरांना नाय ठेवला." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

इमारत धोकादायक ठरली. तबेल्यात पाचवी ते सातवी राहिली. आठवी, नववी, दहावी दोन कोसांवरच्या शाळेत. मुलगे सायकली घेऊन गेले. मुलींच्या घरी मी दारोदार हिंडलो, चप्पल झिजवली.

शेवटचं घर एका भाजीवाल्या शेतकऱ्याचं. त्याची थोरली आमच्याकडून दहावी होऊन नर्सिंगला गेलेली. धाकटी नववी पास, गणितात माझ्या सगळ्या नोकरीत तिच्यासारखी दुसरी नाही. चहा आला. मी म्हणालो, "दहावीचं एकच वर्ष राहिलंय. सायकल घेऊन द्या, जाईल ती."

"रस्ता उसातून हाय सर."

"अहो, दिवसाउजेडी काही होत नाही."

तो अगदी आदरानं बोलला. "सर, तवा शिपाई बी म्हणला व्हता, काय व्हत नाय. तुमी ऐकलं का? पोरींच्या जिवाची गोष्ट हाय म्हणले. थोरली तवा आठवीत व्हती, तुमच्या शब्दावर मी सिमेंट वाहिलं. लय बरं केलं तुमी. आता ही बी माझीच पोर हाय ना?"

टोमणा असता तर सोसला असता. तो मनापासून बोलत होता. भोकं बुजवली म्हणून शाळा गेली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायची हिंमत मला झाली नाही. मुलगी दाराशी उभी होती. सर आता काहीतरी बोलतील म्हणून ती माझ्याकडे बघत होती. लाज वाटली, फार लाज वाटली.

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, निघतो, साडेपाचची एसटी चुकेल.