तुरीच्या शेंगा आणि भूगोलाचा पेपर

ये गं, जरा जवळ सरक. कागदावरून कसं सरकायचं, असं विचारशील. पण मी लिहिते तेही बोलल्यासारखंच, म्हणून तू माझ्या शेजारी बसली आहेस असं धरून चालले आहे. आणि बसलीच आहेस तर थोडं ऐकूनही घे. परवा फोनवर तू मोठ्या ऐटीत सांगितलंस, की लेकीच्या हातातली लोकर आणि सुया काढून कपाटात टाकल्या, किल्ली कमरेला लावली. का, तर तिचं दहावीचं वर्ष, आणि ती पुस्तक मांडीवर ठेवून विणत बसते. तुला काय म्हणावं? माझी भाची ना तू? लहानपणी कैरीची फोड हातात दिल्याशिवाय पाढे म्हणत नव्हतीस, ते विसरलीस वाटतं. फोनवर मी गप्प राहिले, कारण तुझ्या मागे मिक्सर चालू होता आणि माझं सांगणं लांबलचक. ते आता सांगते.

तू राहतेस धुळ्याला, तेव्हा आमच्या सावद्याच्या गल्लीतली ती पोरगी तुला माहीत नसणार. तिचे आईबाप मूळचे एरंडोलकडचे. बाप केळी कापणाऱ्या टोळीत कामाला म्हणून आला आणि इथलाच झाला. घर एका खोलीचं. त्यात दोन लहान भावंडं, आणि आबा म्हणजे तिचे आजोबा. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्ही एवढा मोठा, की बातम्या आम्हाला आमच्या चुलीपाशी कळतात. पोरगी दहावीला गेली. त्या घरात दहावीपर्यंत पोचलेली पहिलीच. तिला पुढे धुळ्याला आयटीआयला जायचं होतं, विजेचं काम शिकायला. गल्लीत कोणाचा पंखा बिघडला की ही स्टुलावर चढलेलीच असायची, आणि पंखा फिरायचा देखील. बापाची ना नव्हती. पण त्याने एक अट घातली होती. पास झालीस तर पाठवतो, नापास झालीस तर दुसऱ्यांदा बसवणार नाही, आईबरोबर कामाला लागायचं. माणूस वाईट नव्हे तो. एका वर्षाची वाट बघणं त्याला परवडत नव्हतं, एवढंच.

दिवाळीनंतर एकदा ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. म्हणाली, अक्का, वाचते पण काही राहत नाही. माझं शिक्षण चौथीचं, हे तुला माहीत आहे. पुढचं सगळं मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आणि तुम्हा भाच्यापुतण्यांची पुस्तकं चाळून शिकले. मी काय शिकवणार? मी म्हटलं, मला काहीच येत नाही, तूच मला शिकव. वाच आणि मला समजावून सांग. आणि रिकामी कशाला बसतेस, चार शेंगा सोल.

तिथूनच सगळं सुरू झालं. रोज शाळा सुटली की ती यायची. मध्ये सूप, दोन्हीकडे आम्ही. ती सांगायची, मी प्रश्न विचारायची. मला ब्राझीलचा भूगोल त्या शेंगांवरच कळला. ब्राझीलमध्ये केळी होतात, हे ऐकून तर मी तिला तीनदा विचारलं, भाव काय म्हणून. तिने सांगितलं, अक्का, भाव पुस्तकात नाही. पण बाकी काय सांगायची पोरगी. पठार, नद्या, पाऊस कुठे पडतो आणि कुठे नाही, धडाधड. एका शेंगेत एक मुद्दा. शेंग फुटली की मुद्दा बाहेर. मी खूश. गल्लीत सांगत सुटले, की पोरगी पहिली येणार. समोरच्या वहिनी म्हणाल्या, तुमच्या घरी तुरीची भाजी मात्र रोज पहिली येते.

जानेवारीत शाळेत सराव परीक्षा झाली. भूगोलाच्या पेपरच्या दिवशी पोरगी घरी न जाता थेट माझ्याकडे आली. दप्तर टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मग हळूहळू कळलं. प्रश्न सगळे ओळखीचे होते. पण हातात पेन धरलं आणि डोकं कोरं. तिने पेन खाली ठेवलं, हात बाकाखाली घेतले, आणि नकळत बोटं शेंगा सोलायला लागली. बोटं हलली तसा ब्राझील आठवायला लागला. नेमकं तेव्हा वर्गावरच्या सरांनी पाहिलं. त्यांना वाटलं बाकाखाली चिठ्ठी आहे. त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. घाबरली की ती घरची बोली बोलते, तशीच बोलली, "मना हातमा काहीच नई शे, सर." हात उघडून दाखवले. हातात खरंच काही नव्हतं. सरांनी बस म्हटलं, पण पोरं हसली, आणि उरलेला वेळ तिने दोन्ही हात बाकावर पालथे ठेवून काढला. पेपर जवळजवळ कोराच दिला.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चूक तिची नव्हतीच, माझी होती. अडीच महिने मी तिचं तोंड चालवलं, बोटं चालवली, पण पेन एकदाही हातात दिलं नाही. मला स्वतःला कधी पेपर लिहायचा नव्हता ना. मला वाटलं, सांगता आलं की आलं.

दुसऱ्या दिवशी मी कडक झाले. शेंगा बंद, सूप माळ्यावर. वही घे आणि लिही. ती बसायची, पेन धरायची आणि वहीकडे बघत राहायची. तिसऱ्या दिवशी रडलीच. "अक्का, पेन हातमा लिधा का मी बठ्ठं भुली जास." मी तिला सगळं विसरण्यावरून रागवायला गेले आणि माझाच आवाज चिरकला. परीक्षेला महिना-दीड महिना राहिलेला. बापाची अट मला पाठ होती.

मग वाट काढली ती तिनेच, मी नाही. उठली, माळ्यावरून सूप काढलं. डाव्या हाताशी शेंगा, उजव्या हातात पेन. एक शेंग फोडायची, दाणे सुपात, मुद्दा मोठ्याने म्हणायचा आणि लगेच लिहायचा. मग दुसरी शेंग. पहिल्या दिवशी एका उत्तराला आठ शेंगा लागल्या आणि वहीवर हिरवे डाग पडले. आठवड्याने चार लागल्या. पुढे ती नुसती एक शेंग वहीशेजारी ठेवायची, फोडायची नाही. तोवर तूरही संपत आली होती.

पण घड्याळ लावून, कोणाशी न बोलता पूर्ण पेपर लिहून बघणं राहिलं होतं. तिच्या घरी टीव्ही. माझ्या घरी मी. हसू नकोस. त्यात आमच्या गल्लीत वर्षाचे ज्वारीचे पापड, आपले बिबडे, करायचे दिवस आले. तुला माहीतच आहे, बिबडे एकटीचं काम नाही. ज्वारीचा घाटा हाटायला एक, ओल्या फडक्यावर थापायला दोन-तीन, खाटांवर वाळत घालायला आणखी दोघी. पाळीपाळीने एकेकीच्या घरी जायचं. आणि जिच्या घरी पाळी, तिच्या घरी गावभरच्या गप्पा. माझी पाळी रविवारी आली. पोरीला मोकळा दिवस तेवढाच. मी बायकांना आदल्या दिवशी सांगितलं, की उद्या अकरा ते एक माझ्या अंगणात कोणी बोलायचं नाही, पोरगी ओट्यावर पेपर लिहिणार आहे.

समोरच्या वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "अक्का, आम्ही गप्प बसू. तुमचं कोण बघणार?"

बरोबर अकराला मी ताटलीवर चमचा वाजवला. पोरगी ओट्यावर, आम्ही सहाजणी अंगणात. पातेल्यात घाटा रटरटतोय, फडकं पसरलेलं, थापण्याचा पट-पट आवाज, आणि माणसाचा शब्द नाही. मीठ कमी पडलं तर वहिनींनी मला चिमूट करून दाखवली. रस्त्यावरून एक ओळखीची बाई डोकावली, आत काय दुःख झालं का असं खुणेने विचारायला लागली. मी तिला खुणेनेच बसवलं आणि हातात फडकं दिलं. खरं सांगू? आयुष्यात जागेपणी एवढा वेळ मी कधी गप्प बसले नव्हते. ओट्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. मग कानावर पेनाचा आवाज आला. खर्र-खर्र, थांबला, पुन्हा खर्र-खर्र. पान उलटलं. मग दुसरं. एकदा पेन बराच वेळ थांबलं, तेव्हा आम्ही सगळ्याजणींनी हात थांबवले. पुन्हा सुरू झालं, तसे आमचेही हात सुरू झाले.

एकला चमचा वाजवला आणि सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. कोण काय बोलतंय ते कोणाला कळेना. पोरीने वही दाखवली. सगळे प्रश्न लिहिलेले. तिला घाट्याचा मोठा गोळा, त्यावर तेल आणि तिखट दिलं. तीन दिवसांची उपाशी असल्यासारखं खाल्लं तिने.

खरी परीक्षा आली. भूगोल शेवटी होता. मी आणि तिची आई केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो होतो. आईने तोंडातून शब्द काढला नाही, आणि या वेळी मीही नाही. वेळ संपली, पोरं बाहेर आली, ही शेवटी. चालण्यावरून मला काही कळेना. जवळ आली आणि आधी पाणी प्यायली. मग सांगितलं. पेपर हातात येण्याआधीच ती वर्गावरच्या बाईंकडे गेली होती. म्हणाली, "बाई, मला आठवत नसलं की माझी बोटं हलतात. मी हात बाकावरच ठेवीन, तुम्ही बघा." बाईंनी मान हलवली. तिसऱ्या प्रश्नाला अडली, तर सगळ्यांदेखत बाकावर दोन शेंगा सोलल्या, हवेतल्या, आणि पेन उचललं.

हे मी तिला शिकवलं नव्हतं गं. आपलं आपण आधी सांगून टाकायचं, हे मला या वयातही जमत नाही.

निकालाच्या दिवशी दुपारी ती मोबाइल घेऊन धावत आली आणि दारातच उभी राहिली. मी विचारायच्या आत मागून बापाचा आवाज आला. तो बागेतून तसाच आला होता, अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग. म्हणाला, "अक्का, धुळ्याला गाडी किती वाजता असते?" बस, एवढंच. मला कळायचं ते कळलं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. इतके दिवस कुठे काय घट्ट धरून ठेवलं होतं कोण जाणे, ते सुटलं. त्या रात्री मी जी झोपले, ती सकाळी दूधवाला ओरडला तेव्हा उठले.

पोरगी आता तुमच्याच गावात आहे, आयटीआयला. दुसरं वर्ष. तुझ्याकडे पंखा बिघडला तर सांग.

तर बाई, कपाट उघड आणि लोकर लेकीला देऊन टाक. विणत वाचू दे तिला, पण माझ्यासारखी चूक करू नकोस. विणून झालं की रोज घड्याळ लावून लिहायला बसव, आणि तू त्या वेळी मिक्सर लावू नकोस. गप्प बसायला जड जाईल, मला माहीत आहे, आपल्या घरातल्या बायकांचं हे असंच आहे. आणि तिचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी दोघी सावद्याला निघा. जळगावला गाडी बदलावी लागते, पण दुपारच्या आत पोचता. यंदा बिबड्यांची माझी पाळी मी मुद्दाम मागे ठेवली आहे. तुम्ही आल्याशिवाय ज्वारी भिजत घालणार नाही, तेव्हा लवकर या.