बांबूचा पाला आणि अण्णांची गाय

चाऱ्याच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कुसळांसारखे कपड्यांना चिकटून ते घरापर्यंत येतात. झटकायचाही आता कंटाळा येतो. हे या हिवाळ्यातले.

*

हडपसरचे अण्णा. जमिनीवर सोसायट्या झाल्या, गोठ्यात एकच गाय उरली. थंडीत हिरवा चारा मिळेना, म्हणून ते शेजारच्या सोसायटीच्या कुंपणावरचा बांबूचा पाला तिला घालायला लागले.

सेक्रेटरींनी अडवलं. "बांबू शोभेचा आहे, पोषणाचा नाही! पोषणाचा असल्याचा रिपोर्ट आणा, मग न्या."

म्हणून अण्णा आमच्याकडे आले.

*

सॅम्पल म्हणजे गाय जे खाते त्यातलंच मूठभर, कसंही. अण्णांनी आणली ती एकेक निवडून, धुऊन, पुसून ठेवलेली कोवळी पानं!

"अहो अण्णा, गाय अशी निवडून खाते का?"

"न्हाई. पन हापिसात न्यायचं, तर बरं नको दिसाय?"

नुसत्या कोवळ्या पानांचं प्रोटीन जास्तच येणार. सॅम्पल परत.

*

दुसरं सॅम्पल नीट आलं. वाळवलं, दळलं, बरणीत भरून किटलीशेजारी ठेवलं. चूक माझीच. आमच्या मॅडम सध्या डाएटवर आहेत. चार दिवसांनी म्हणाल्या, "हा ग्रीन टी कुठून आणलात? चव जरा गवती आहे, पण हलकं वाटतं!"

अण्णांना तिसऱ्यांदा पाला आणायला सांगितलं. कारण सांगितलं नाही.

*

मग प्रोटीन मोजायचं मशीन बंद पडलं. अण्णांचे हेलपाटे सुरूच. शेवटी मॅडमनी दारावर कागद चिकटवला : 'चौकशी केल्याने मशीन दुरुस्त होत नाही.'

अण्णांनी तो दोनदा वाचला. "बरं हाय. गाईला बी हेच सांगतो."

मला खरंच लाज वाटली. मी आत जाऊन उगाचच टेस्ट ट्यूब धुतल्या.

*

संक्रांत होऊन गेल्यावर रिपोर्ट तयार झाला. झकास! प्रोटीन कडब्यापेक्षा कितीतरी जास्त, इतर चाऱ्यात मिसळून खुशाल घाला. मी स्वतः फोन केला. अण्णा आले, रिपोर्टाची घडी करून खिशात घातली.

"आता दाखवा सेक्रेटरींना!" मी म्हटलं.

"त्यांना कशाला? गाय इकली मागल्या आठवड्यात. नुसत्या कडब्यावर वाळत चालली हुती."

मी त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. "मग हा रिपोर्ट?"

"नव्या मालकाला द्यायचाय. रोज फोन करतोय. ती कडब्याला तोंड लावंना, बांबूच्या पाल्याची वाट बघती. त्यो म्हनतो, असलं कुठं गाय खाती का!"